अमावस्येचं वंगण

बाळांनो, परवा तुमच्या आईचा फोन आला. तुम्ही दोघांनी मिळून एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेतली आहे, सुटी लागली की ती डोंगरात नेता, आणि तिच्या शॉक ॲब्सॉर्बरचं वरचं ब्रॅकेट आता दुसऱ्यांदा तुटलं, असं तिने सांगितलं. पहिल्यांदा तुम्ही वेल्डिंग करून घेतलंत. आता आणखी जाड पट्टी लावून करणार आहात म्हणे. आई हे हसत सांगत होती. मी फोन ठेवला आणि मला काही स्वस्थ बसवेना. मेथी निवडायला घेतली होती, ती तशीच ठेवून अंगणात गेले, परत आत आले, पुन्हा बाहेर गेले. शेवटी कागद घेऊन बसले.

त्या जाड पट्टीने काही होणार नाही. वेल्डरकडे जाण्याआधी हे वाचा. आमच्या घरी हेच तुटत होतं आणि आम्हीही हाच उपाय करत होतो. आमचं तुटणं एका बाईच्या जिवाशी बांधलेलं होतं, म्हणून मला त्यातलं सगळं आठवतं. तुमची आई तेव्हा लहान होती. तिला फक्त जीपचा खडखडाट आठवत असेल.

आम्ही जळगावला, मेहरूणला राहत होतो. पुढच्या दोन खोल्यांत तुमच्या आजोबांचा दवाखाना, मागे घर. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, भडगावकडची शेती धाकट्या मुलाच्या हाती देऊन आमच्याकडे राहायला आले होते. आयुष्यभर बैलांमागे चाललेला माणूस, शहरात हातांना काम नाही. ते सकाळपासून काहीतरी शोधत फिरायचे. नळाचा चाप, खिडकीची कडी, माझ्या शिवणयंत्राची चाकं, जे जे कुरकुरेल त्याला तेल घालायचे.

जीप आजोबांनी एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. ती घेतली सातपुड्याच्या पायथ्यासाठी. आठवड्यातून एकदा, तिकडच्या बाजाराच्या दिवशी, आजोबा आणि त्यांचा कंपाउंडर औषधांच्या पेट्या घेऊन जायचे. तापी ओलांडून चोपड्यापर्यंत डांबरी रस्ता, पुढे मुरूम, आणि शेवटी नाल्याच्या पात्रातून गोटे तुडवत एका पाड्यापाशी. तिथे एका मोहाच्या झाडाखाली जीप उभी राहायची आणि झाडाभोवती माणसं जमायची.

त्यात ही बाई होती. तिला क्षय झाला होता. एक्स-रे काढायला आजोबांनी तिला एकदा जळगावला आणलं, तेव्हा ती आमच्या मागच्या ओसरीवर राहिली. तिची भाषा मला येत नव्हती, तिला मराठी थोडी थोडी येत होती. मी जेवायला बोलावलं तर ताट घेऊन अंगणाच्या टोकाला जाऊन बसली. मी म्हटलं, इथे बस. ती म्हणाली, "नको. पोर आहे तुमची." मग तिने हळूहळू सांगितलं. सासूने तिला शेतातल्या झोपडीत ठेवलं होतं. तिची दोन मुलं घरात, ती बांधापलीकडे. मुलं लांबूनच दिसायची. खोकला गेला तर परत घरात घेणार, नाही गेला तर होळीनंतर माहेरी पोहोचवणार, आणि मुलं ठेवून घेणार. सासू दुष्ट होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्या घरात आधी एक मूल याच रोगाने गेलं होतं.

आजोबांनी तिला सुरुवातीला महिन्याच्या गोळ्या एकदम दिल्या होत्या. तिने त्यातल्या निम्म्या खोकणाऱ्या दिराला दिल्या, कारण तिच्या मते घरातल्या एकाला औषध असताना दुसऱ्याने खोकत बसणं बरं नव्हे. त्यानंतर आजोबा एका आठवड्याच्याच गोळ्या देऊ लागले आणि दर फेरीला तिला समोर उभं करून विचारू लागले. मला म्हणाले, "मधे खंड पडला की रोग परत उठतो, आणि मग याच गोळ्या त्याला लागू पडत नाहीत." म्हणजे जीप गेली नाही की तिच्या गोळ्या संपल्या. एवढं सोपं गणित होतं, आणि ते माझ्या डोक्यात सतत चालू असायचं.

आणि जीप तर जाईना. शॉक ॲब्सॉर्बरला सगळे शॉकअप म्हणायचे. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी कडी असते, त्या कडीत रबराचा बुश, आणि बुशातून गेलेली खीळ गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, वेल्डिंग केलेल्या ब्रॅकेटवर बसते. आमच्या जीपचं हे ब्रॅकेट तुटायचं. आधी काही दिवस टक टक आवाज यायचा, मग खडखड, मग एक दिवस नाल्यात शॉकअप लोंबकळायचा आणि आजोबा तो दोरीने बांधून संध्याकाळी कसेबसे परत यायचे. पुढच्या आठवड्यात जीप गॅरेजात. फेरी बुडाली.

एकदा कंपाउंडरला एस.टी.ने पाठवलं. एस.टी. डांबर संपतं तिथपर्यंतच जायची. तिथून तो चालत गेला. मोहाच्या झाडापाशी पोहोचला तर बाई वाट बघून टेकडीपलीकडे निघून गेलेली. तो तिथपर्यंतही गेला, गोळ्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी पायांना फोड घेऊन आला. आल्या आल्या म्हणाला, "साहेब, माझी नोकरी पट्ट्या बांधायची आहे, बांधून घ्यायची नाही." पुन्हा जायला तो तयार झाला नाही आणि आम्ही आग्रहही केला नाही.

का तुटतं, याची घरात प्रत्येकाची वेगळी समजूत होती. आजोबा म्हणायचे, "रस्ताच तसा आहे. त्याला कोण काय करणार?" आबा तिथेच बसलेले असायचे. "रस्ताले नावं नको ठेव," ते त्यांच्या अहिराणीत म्हणायचे. "तू गाडी कशी हाकस ते देख." कंपाउंडरच्या मते परतताना माणसं फार बसवतात म्हणून तुटतं. ते खरं होतं, पण बाजाराहून ओझं घेऊन चालणाऱ्या म्हातारीला रस्त्यात सोडून यावं असं तोही म्हणत नव्हता.

आजोबा मग जीप धुळ्याला घेऊन गेले. आग्रा रोडवर एक मिस्त्री होता, ट्रकच्या चासी जोडण्यात त्याचा हात चांगला म्हणून नाव होतं. मी सोबत गेले होते, कारण घरी बसून आवाजाची वाट बघण्यापेक्षा ते बरं. त्याने जुनं रबर काढून दाखवलं. काळं, चिकट, एका बाजूने फाटलेलं. "हल्ली रबर खराबच येतं," तो म्हणाला आणि ते फेकून दिलं. मग त्याने बोटभर जाडीची पट्टी लावून ब्रॅकेट असं काही वेल्डिंग केलं की बघत राहावं. हात पुसत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आता चासी तुटेल, पण माझं वेल्डिंग तुटणार नाही."

तसंच झालं. वेल्डिंग शाबूत राहिलं आणि त्याच्या शेजारी चासीलाच चीर गेली. आणखी एक फेरी बुडाली. त्यानंतरच्या फेरीहून आजोबा आले ते थेट हात धुवायला गेले. जेवताना म्हणाले, "तिचा खोकला वाढलाय." मी उठले. ताटं उचलली, ओटा पुसला, तो परत पुसला, आणि मग फळीवरचे सगळे डबे खाली काढून फळी पुसायला घेतली. त्या दिवसांत माझं घर फार स्वच्छ होतं.

आता आबांच्या वंगणाकडे येते. आमच्या खानदेशात, आणि बाकीही महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी, अमावस्येला शेतकरी बैल जुंपत नाहीत. त्या दिवशी बैलांना धुवायचं, औत-गाडी बघायची, गाडीच्या आसाला वंगण घालायचं. आबांनी हे आयुष्यभर केलं होतं. बैल सुटले, शेती सुटली, अमावस्या सुटली नाही. अमावस्येला जीप बाहेर काढायची नाही असा त्यांनी नियम घातला आणि आजोबांनी तो निमूट मान्य केला. आबा त्या दिवशी सकाळीच जीपखाली शिरायचे. गॅरेजातून आणलेलं जळकं ऑइल एका डब्यात, त्यात थोडं डिझेल, आणि काठीला बांधलेला चिंध्यांचा बोळा. चासी, स्प्रिंगचे पाटे, नट, शॉकअप, त्याच्या कड्या, जिथे हात पोचेल तिथे सगळीकडे ते माखायचे. दुपारी बाहेर यायचे तेव्हा कोपरापर्यंत काळे आणि चेहरा एकदम निवांत. पावसाळ्यात आमची जीप कधी गंजली नाही. ते याचा उल्लेख करायला विसरत नसत.

अशाच एका अमावस्येला मी आतल्या खोलीत पेपर तपासत होते. दवाखान्यातून आजोबांचा आवाज आला. एनिमाच्या रबरी नळीला कंपाउंडरने व्हॅसलिन चोपडलं होतं.

"किती वेळा सांगितलं, रबराला हे लावायचं नाही?"

"साहेब, सुळसुळीत नको का व्हायला?"

"साबणाचं पाणी लाव. या तेलकट गोष्टींनी रबर फुगतं. मऊ पडतं, चिकट होतं आणि मग फाटतं."

"आणि आबा जीपला लावतात ते?"

"ते लोखंड आहे," आजोबा म्हणाले.

माझ्यासमोर खिडकी होती. खिडकीतून जीप दिसत होती आणि जीपखालून आबांचे दोन पाय. मी लाल पेन्सिल खाली ठेवली. चिकट, मऊ, फाटलेलं. धुळ्याच्या मिस्त्रीने फेकलेलं रबर अगदी तसंच होतं.

पण हे आबांना सांगायचं कुणी? आजोबांना सांगितलं तर त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "असेल. बहुतेक असणारच. मीच आता नळीवरून बोललो." आणि लगेच, "पण आबांना मी नाही सांगणार. त्यांना तेवढं एकच काम उरलंय." मला राग आला. कुणाच्या कामासाठी कुणाच्या गोळ्या चुकायच्या? पण नुसत्या तर्काने मीही कुणाचं काम काढून घेणार नव्हते. मी कपाटात ठेवलेल्या सुट्या सामानातून नव्या बुशांची जोडी काढली. एका वाटीत आबांच्या डब्यातलं ऑइल ओतून एक त्यात ठेवला, दुसरा साध्या पाण्यात. दोन्ही वाट्या न्हाणीघराच्या फळीवर मागे सरकवल्या. मग रोज जाऊन बघत होते, दिवसातून कितीदा तरी.

मी बोलण्याआधी आबांनीच त्या शोधल्या. वाट्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"हाई काय शे?"

"रबर आहे, आबा. जीपचं."

"ते माले दिसस. तेलमा कसाले टाकं?"

"म्हटलं बघावं, तेलाने त्याचं काय होतं ते."

त्यांनी दोन्ही बुश काढले आणि बोटांत धरून दाबले. पाण्यातला तसाच कडक होता. तेलातला फुगून मोठा झाला होता आणि नख लावलं तर नख रुतत होतं. ते पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मी पोळी लाटत राहिले, कारण थांबले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

"म्हंजे बठ्ठं मन्हामुये व्हयनं," सगळा दोष स्वतःवर घेत ते म्हणाले. "असं सांग ना मंग."

"तसं नाही, आबा. लोखंडाला तेल लागतंच. रबर गेलं की लोखंडावर लोखंड आपटतं, आणि मग ब्रॅकेट तुटतं. एवढंच."

"बैलगाडाले रबर नव्हतं," ते म्हणाले. वाट्या ओट्यावर ठेवून ते बाहेर गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पाचोऱ्याला उतरून तिथून भडगावला निघून गेले. शेताकडे बघून येतो म्हणाले. शेतात तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही जीपखालचं सगळं जळकं ऑइल साबणाच्या पाण्याने घासून काढलं, चासीची चीर जोडून घेतली आणि चारही शॉकअपना नवे बुश बसवले. आजोबा फेरीला गेले. मी कॉलेजातून येऊन ओसरीवर उभी राहिले, मग फाटकापाशी, मग रस्त्यावर. संध्याकाळी जीप वळणावर आली तेव्हा टक टक नव्हती. मला तेही पटेना. आजोबा उतरायच्या आत मी वाकून खाली बघितलं. बुश जागेवर होते. बाईला गोळ्या पोचल्या होत्या. तरी घरात कुणी मोकळं बोलत नव्हतं. आबांची खाट रिकामी होती आणि आजोबा रोज तिच्याकडे न बघता पुढे जायचे.

आबा पुढच्या अमावस्येआधी परत आले. पिशवी खाटेखाली सरकवली. अमावस्येला सकाळी बादली आणि फडकं घेऊन जीपपाशी गेले. मी चहा घेऊन गेले तर ते चाकाला टेकून बसले होते.

"मंग आते अमावस्याले मी काय करू?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरोखर विचारत होते.

मी त्यांच्याशेजारी बसले आणि मला तोवर गॅरेजात विचारून जे समजलं होतं ते सांगितलं. तेच तुम्हाला सांगते. प्रत्येक बुश बोटाने दाबून बघायचा. मऊ पडला, कड फाटली किंवा कडीतून एका बाजूला सरकला, तर तो तुटायची वाट न बघता बदलायचा. बसवताना साबणाचं पाणी वापरायचं, तेल नाही. गाडी जॅकवर उचललेली असताना नट शेवटचा आवळायचा नाही. गाडी चाकांवर उभी करून आवळायचा, आणि रबर किंचित फुगेल इतपतच. चासीखाली जे रबरी ठोकळे असतात, ज्यांच्यावर मोठ्या खड्ड्यात चाकांची धुरा येऊन टेकते, ते जागेवर आहेत का ते बघायचं. ते नसले की सगळा मार शॉकअप खातो. आणि तेल लावायचंच तर फक्त पाट्यांना, हाताने, रबराला न लागता.

आबांनी ऐकून घेतलं. "कालेजनी बाई माले धडा देस," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

त्या दिवसापासून आजोबांना सुख राहिलं नाही. आबा त्यांना जेवणावरून उठवायचे. "डॉक्टर, नट कितला आवळा? रबरना जीव गया." आजोबा घास हातात घेऊन म्हणायचे, "आबा, बाहेर पेशंट बसलेत." आबा जीपकडे बोट दाखवून म्हणायचे, "त्या बोलतीस तरी. हाई बोलस का?"

मग आषाढातली अमावस्या आली. दुसऱ्या दिवशी फेरी होती. आधीची फेरी नाल्याला पाणी होतं म्हणून चुकली होती, त्यामुळे ही गेलीच पाहिजे होती. बाईकडे गोळ्या नव्हत्या. आबा सकाळी जीपखाली गेले आणि लगेच बाहेर आले. उजव्या बाजूच्या ब्रॅकेटपाशी, वेल्डिंगच्या कडेला, केसासारखी चीर होती. मी वाकून बघितली. पूर्वी तिथे बोटभर तेल आणि धूळ साचलेली असायची, त्यात ती कधीच दिसली नसती. आता लोखंड स्वच्छ होतं, म्हणून आबांच्या नखाला लागली.

आजोबा बाहेर आले. आभाळ भरलेलं होतं. "उद्या सकाळी लवकर गॅरेज उघडायला लावतो," ते म्हणाले.

"उद्या तू पाड्यावर जास," आबा म्हणाले. "आज काढ गाडी."

"आबा, आज अमावस्या आहे."

"माले माहीत शे. काढ."

आजोबा किल्ली आणायला आत गेले. आबांनी स्वतः फाटक उघडलं आणि जीपमध्ये पुढे जाऊन बसले. गॅरेजात त्यांनी जाड पट्टी लावू दिली नाही. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून घेतलं, म्हणजे ती पुढे जात नाही, चीर घासून भरून घेतली, आणि वरून लांब पण पातळ पट्टी लावायला सांगितली. जाड पट्टी स्वतः तुटत नाही, शेजारच्याला तोडते, हे त्यांनी धुळ्याच्या कामावरून लक्षात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी जीप पावसात गेली, नाला ओलांडला, आणि मोहाच्या झाडाखाली फक्त ती एकटीच गोणपाट पांघरून उभी होती. आजोबांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आबा दारात बसले होते. त्यांनी फक्त विचारलं, "आवाज उना का?" आजोबा म्हणाले, "नाही."

त्यानंतर जीपमुळे एकही फेरी चुकली नाही. सासूने होळीपर्यंतचीच मुदत दिली होती, आणि होळीच्या आधीच्या बाजारात ती दोन्ही मुलांना हाताला धरून आली. थुंकीची तपासणी स्वच्छ आली होती. गोळ्या पुढेही काही महिने चालल्या. त्या संपल्या तेव्हा तिने माझ्यासाठी कंपाउंडरच्या हाती चारोळी पाठवली.

हे सगळं मी तुम्हाला गोष्ट म्हणून सांगत नाही. तुमचा वेल्डर जाड पट्टी लावणार असेल तर त्याला थांबवा, आधी रबर दाबून बघा, आणि गाडीखाली कुणी प्रेमाने काही तेलकट फवारतं का ते विचारा. फवारणाऱ्याशी नीट बोला.

जीप केव्हाच भंगारात गेली. आबा गेले, आजोबा गेले. पाड्यापर्यंत आता डांबरी रस्ता आहे आणि एस.टी. जाते. ती बाई अजून आहे, आणि स्वतःच्या घरात राहते.